पहिला रॉड, पहिलं रीळ : बासच्या नादी लागलेल्या वाचकांची पत्रं

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. घराजवळच्या तळ्यावर शेजारी बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) पकडतात, ते बघून माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने हट्ट धरलाय. मी मूळचा सोलापूरचा, गळ कधी हातातही धरलेला नाही. दुकानात गेलो तर भिंतभर रॉड, म्हणजे गळाच्या काठ्या. ऑफिसातला मित्र म्हणतो, बास म्हटलं की बेटकास्टरच घ्यायचा. विक्रेत्याने दहा बेअरिंगचं रीळ (दोरी गुंडाळायचं यंत्र) पुढे केलं. शंभर डॉलरच्या आत आम्हा दोघांना काय घेता येईल?
– एक वाचक, फ्रिस्को, टेक्सस

उत्तर : स्पिनिंग घ्या. मित्राचं मन पुढच्या वर्षी राखता येईल.

बेटकास्टर उत्तम हत्यार आहे, पण जाड लाइन (गळाची दोरी) आणि जड ल्यूर (नकली आमिष) घेऊन दाट गवतात घुसणाऱ्याचं. त्यात रीळ रॉडच्या वर बसतं आणि फेकताना त्याची फिरकी, म्हणजे लाइन गुंडाळलेला भाग, स्वतः गरगरते. ल्यूर हवेत मंदावलं आणि फिरकी त्याच वेगाने फिरत राहिली, की लाइनचा गुंता झालाच. ती फिरकी अंगठ्याने आवरावी लागते आणि तो अंगठा तयार व्हायला वेळ लागतो. अकरा वर्षांच्या मुलाची पहिली संध्याकाळ गुंता सोडवण्यात गेली तर दुसऱ्या संध्याकाळी तो यायचा नाही. स्पिनिंगमध्ये रीळ रॉडच्या खाली लटकतं, फिरकी जागची हलत नाही, लाइन तिच्या तोंडावरून नुसती सुटत जाते. सात ग्रॅमचं हलकं ल्यूरसुद्धा पहिल्याच दिवशी पुरेसं लांब जातं. तळ्यातल्या बाससाठी फार लांब फेकावंही लागत नाही. तो काठचं गवत, बुडालेली फांदी, धक्क्याची सावली असा कशाचा तरी आडोसा धरून भक्ष्याची वाट बघत असतो.

आता रॉड. मुठीच्या जरा वर, दांड्यावर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते. ती वाचल्याशिवाय रॉड विकत घेऊ नका, मग तो कितीही देखणा असो. तुम्हाला साधारण अशी ओळ हवी आहे : लांबी ६ फूट ६ इंच, पॉवर मीडियम, अ‍ॅक्शन फास्ट, लाइन ६ ते १२ पौंड, ल्यूर १/८ ते ५/८ औंस.

यातला शेवटचा आकडा सगळ्यात कामाचा आणि नेमकं त्याच्याकडेच कुणी बघत नाही. १/८ औंस म्हणजे साडेतीन ग्रॅम, ५/८ म्हणजे सतरा-अठरा ग्रॅम. फेकताना ल्यूरच्या वजनाने रॉड मागे वाकतो आणि सरळ होताना ल्यूर पुढे भिरकावतो. ल्यूर त्या आकड्यापेक्षा हलकं असेल तर रॉड वाकतच नाही, मग माणूस दंडाच्या जोरावर फेकायला बघतो आणि ल्यूर पायाशी पडतं. फार जड असेल तर टोकावर नको तेवढा ताण येतो. अनेक नवशिके ‘मला फेकता येत नाही’ म्हणतात, तेव्हा दोष हाताचा नसतो. जाड, ताठ रॉडला चिमुकलं ल्यूर बांधलेलं असतं.

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते, आणि अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठे वाकतो ते. फास्ट रॉड वरच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकतो, खालचा भाग ताठ राहतो. बासचा जबडा राठ असतो आणि मऊ प्लास्टिकच्या अळीत लपवलेला एकेरी गळ त्यात रुतवायला हा ताठपणा लागतो. दुकानात मुलाच्या हातात मूठ द्या, तुम्ही टोकाशी लाइन धरून हळूच खाली ओढा. मीडियम रॉड आधी टोकाला वाकेल, मग जोर वाढवाल तसा खाली खाली वाकत जाईल. मधल्या सांध्यापर्यंत तो एकदम लवत असेल तर तो कमी पॉवरचा आहे, परत ठेवा.

मुलासाठी म्हणून चार फुटी, कार्टूनची चित्रं असलेला रॉड घेऊ नका. पाच-सहा वर्षांच्या पोराला बटण दाबायचं बंद तोंडाचं रीळ ठीक आहे, पण अकरा वर्षांचा मुलगा मोठ्यांचा सेट सहज हाताळतो. ६ फूट ६ इंच तुम्हा दोघांनाही चालेल. ७ फुटी रॉड काठावरून थोडा लांब फेकतो, पण झाडाखाली उभं राहून फेकायचं असेल तर अडतो. तुमच्या तळ्याकाठी झाडं असतील तर आखूडच बरा.

मटेरियलचं म्हणाल, तर निव्वळ ग्राफाइट हलकं असतं आणि पाण्याखालची बारीक हालचाल हाताला पोचवतं, पण ते ठिसूळ. मोटारीच्या दारात टोक सापडलं की संपलं. फायबरग्लास आणि ग्राफाइट मिसळून केलेला अग्ली स्टिकसारखा रॉड थोडा जड लागतो, पण मुलांच्या हाताला तोच. मी मुलं असलेल्या घरांना दुसरं काही सुचवत नाही.

दुकानात जाताना खिशात कापसाचा बोळा ठेवा. लाइन ज्या कड्यांतून जाते त्यांच्या आतलं अस्तर बहुधा चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाचं असतं. प्रत्येक कडीतून बोळा फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथे चीर आहे, डोळ्याला दिसत नसली तरी. तीच चीर महिन्याभरात तुमची लाइन खरवडत राहील आणि मोठा मासा लागला की ती नेमकी तिथेच तुटेल. मग रॉड डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून सगळ्या कड्या एका ओळीत आहेत ना, ते बघा.

आता रीळ. आकार २५०० घ्या. शिमानो आणि दाइवा हाच आकडा वापरतात. फ्लुगरच्या रिळावर ३० लिहिलेलं असतं, तेही जवळपास तेवढंच. त्यात ८ पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, लाइन भरपूर मावते आणि मुठीवर रीळ जड होत नाही. बेअरिंग मोजू नका. चांगल्या घडणीच्या गिअरवर चार बेअरिंगचं रीळ वर्षानुवर्षं चालतं आणि हलक्या घडणीवर दहा बसवली तरी पहिल्याच हंगामात खडखडतं. त्याऐवजी हँडल अगदी सावकाश फिरवून बघा. कुठे खरखर लागते का? फिरताना रीळ डुलतं का? तारेची कमान, जिला इथे बेल म्हणतात, ती टक् करून नेमकी बसते का? हँडल उलट फिरवायला बघा, ते जागीच अडायला हवं. ही परीक्षा शिमानोचं सिएना किंवा फ्लुगरचं प्रेसिडेंट यांसारखी रिळं पास होतात. त्यातलं सिएना तुमच्या बजेटमध्ये बसतं, प्रेसिडेंट त्याच्या वर जातं.

आणखी एक, कारण हे दुकानात कुणी सांगत नाही : स्पिनिंग रिळाचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं. उजव्या हाताने फेकणाऱ्याने उजव्या हातातच रॉड ठेवावा आणि डाव्याने फिरवावं, म्हणजे ल्यूर पाण्यात पडल्यावर हात बदलावा लागत नाही. बास बऱ्याचदा ल्यूर पडल्या पडल्याच उचलतो.

पैशांचा हिशेब असा करा : साधारण चाळीस-पन्नास रॉडला, पस्तीस-चाळीस रिळाला, उरलेले ८ पौंडी मोनोफिलामेंट (नायलॉनच्या एकेरी तंतूची) लाइन, गळ आणि प्लास्टिकच्या अळ्यांना. म्हणजे शंभरात एकच सेट बसतो, दोन नाही. दोन रडके सेट घेण्यापेक्षा एक धड घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरा उसना मिळतो! टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ हा सरकारी विभाग ‘टॅकल लोनर’ नावाची योजना चालवतो. काही राज्य उद्यानांत आणि इतर ठिकाणी ग्रंथालयातून पुस्तक न्यावं तसे रॉड-रीळ नेता येतात. शिवाय टेक्ससच्या राज्य उद्यानाच्या आत काठावरून मासेमारी करायला परवाना लागत नाही, फक्त उद्यानाचं प्रवेश शुल्क. तुमच्यापासून रे रॉबर्ट्स तलावाचं उद्यान जवळ आहे. एकदा तिथे जाऊन दोघांनी फेकून बघा आणि मग दुकानात जा. बाकी सार्वजनिक पाण्यावर तुम्हाला परवाना लागेल. मुलाला नाही, कारण १७ वर्षांखालच्यांना सूट आहे. नेहमीचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो, तेव्हा जुलैत घेताना विचार करा.

पहिलं ल्यूर? पाच इंची मऊ प्लास्टिकची अळी, सेन्को प्रकारची. तिच्या बरोबर मध्यावर गळ आडवा टोचायचा, शिसं लावायचं नाही. ती स्वतःच नऊ-दहा ग्रॅमची असते, म्हणजे तुमच्या रॉडच्या ओळीत चपखल बसते. गवताच्या कडेला टाका आणि काहीच करू नका. अळी दोन्ही टोकं हलवत सावकाश बुडते. या वेळात ल्यूरकडे नाही, लाइनकडे बघायचं. लाइन बुडता बुडता थबकली, किंवा बाजूला सरकली, की बासने अळी तोंडात घेतली. ढील गोळा करा आणि रॉड उचला. मुलाच्या गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून चपटा करा, म्हणजे माशाच्या तोंडातून आणि चुकून बोटात गेला तर बोटातूनही तो सहज निघतो. आणि दोघांनीही चष्मा घालायचा, उन्हाचा का असेना. गळ डोळ्यांच्या उंचीवरूनच जातो.

प्रश्न : मिशिगनमध्ये नोव्हायला राहते. नवऱ्याने वाढदिवसाला स्पिनिंग सेट दिला, तो सेंट क्लेअर तलावावर स्मॉलमाउथ बाससाठी नेते. पण दर चार-पाच फेकींनंतर लाइनची वेटोळी रिळावरून एकदम सुटतात आणि अर्धा तास सोडवण्यात जातो. दुकानदार म्हणाला, महागडं रीळ घ्या. घेऊ का?
– एक वाचक, नोव्हाय, मिशिगन

उत्तर : नका घेऊ. रिळात दोष नाही, लाइनला पीळ बसलाय. नव्या रिळावर तीच लाइन तशीच भरलीत तर तेच होईल.

मी रत्नागिरीला भाट्याच्या खाडीवर गरवत वाढले. तिथे हातात नुसता तंगूस (नायलॉनची दोरी) असायचा, शिसं आणि गरी, म्हणजे गळ. पीळ बसला की बोटांना लगेच कळायचं. रीळ मधे आलं की तो पीळ दिसेनासा होतो आणि साठत राहतो.

तुमच्या रिळावर ६.२:१ असा काही आकडा असेल. म्हणजे हँडलचा एक फेरा झाला की लाइन गुंडाळणारा भाग सहाहून जास्त वेळा फिरतो. मासा जोरात ओढतोय, ड्रॅग (ताण वाढला की लाइन सोडणारा रिळातला ब्रेक) करकरत लाइन सोडतोय आणि घाबरून तुम्ही हँडल फिरवतच राहिलात, तर लाइन आत एक इंच येत नाही, पण प्रत्येक फेऱ्याला सहा पीळ मात्र बसतात. म्हणून मासा ओढत असेल तेव्हा हात थांबवायचा. तो थांबला की रॉड वर घ्यायचा आणि खाली आणता आणता गुंडाळायचं. स्मॉलमाउथ हा लार्जमाउथ या दुसऱ्या जातीच्या बासपेक्षा जास्त ताणतो, उड्या मारतो, त्यामुळे तुमच्याकडे हे जास्त होणार.

दुसरं कारण लाइन भरतानाचं. आता आहे ती काढून टाका, नवी ८ पौंडी आणा आणि अशी भरा. नव्या लाइनचं रीळ जमिनीवर आडवं, लेबल वर करून ठेवा. लाइन रॉडच्या सगळ्यात खालच्या कडीतून घ्या, बेल उघडून फिरकीला बांधा, बेल मिटा. डाव्या हाताची दोन बोटं ओल्या फडक्यासकट लाइनवर हलकेच दाबून धरा आणि पंधरा-वीस फेरे गुंडाळा. आता थांबा. रॉड जमिनीकडे झुकवून लाइन सैल सोडा. ती मोकळी, शांत पडली तर दिशा बरोबर आहे. स्वतःभोवती वळसे घ्यायला लागली तर जमिनीवरचं रीळ उलटं करा, लेबल खाली, आणि पुढे चालू ठेवा. या एका तपासणीने निम्मा त्रास जातो.

फिरकी काठोकाठ भरू नका. कडेपासून तीन मिलिमीटर जागा ठेवायची. तुम्ही वर्णन केलंय तसं वेटोळं ‘एकदम’ सुटतं ते बहुतेक वेळा जास्त भरल्याने. आणि प्रत्येक फेकीनंतर बेल हाताने मिटा, हँडल फिरवून नको. मिटल्यावर लाइन एकदा बोटाने ताणून घ्या, मगच गुंडाळा. हँडलने मिटवली की एखादा ढिला वळसा फिरकीवर राहून जातो आणि चार-पाच फेकींनी तोच इतरांना घेऊन बाहेर येतो.

ड्रॅगही तपासा. भारतात जाताना बॅगा तोलायला घरात काटा असेलच, तो हुकवाला डिजिटल. लाइन सगळ्या कड्यांतून ओवून त्या हुकाला बांधा, रॉड पंचेचाळीस अंशात धरा आणि नवऱ्याला काटा सावकाश ओढायला सांगा. ८ पौंडी लाइनवर काटा दोन ते अडीच पौंड, म्हणजे एक किलोच्या आसपास दाखवेल तेव्हा फिरकी सरकायला लागली पाहिजे. त्याआधी सरकली तर रिळाच्या पुढचं ड्रॅगचं बटण घट्ट करा, नंतर सरकली तर सैल. बहुतेक नवे लोक ड्रॅग भलताच आवळून ठेवतात आणि मासा काठाजवळ शेवटचा हिसका देतो तेव्हा लाइन तुटते. घरी आल्यावर ते बटण सैल करून ठेवायचं, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत.

पुढे कधी १० पौंडी विणलेली लाइन आणि पुढे सात-आठ फूट फ्लुरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारी लाइन) लावून बघा. सेंट क्लेअरच्या नितळ पाण्यात तो जोड छान चालतो. फक्त विणलेली लाइन थेट फिरकीवर बांधू नका, ती गुळगुळीत असल्याने सगळीच्या सगळी घसरत फिरते. खाली आधी थोडी मोनोफिलामेंट गुंडाळा. पण हे पीळ आटोक्यात आल्यावर.

प्रश्न : पकडलेला बास खातात का? इथले लोक सोडून देतात आणि आमच्याकडे रागाने बघतात.
– एक वाचक, अर्व्हिंग, टेक्सस

उत्तर : खातात, आणि नियमात बसणारा मासा घरी नेणं हा तुमचा हक्क आहे. टेक्ससमध्ये लार्जमाउथसाठी सर्वसाधारण नियम असा : किमान १४ इंच लांब, दिवसाला पाच. पण तलावागणिक अपवाद आहेत. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास सोडावाच लागतो. कॅडो लेकच्या बासमध्ये पाऱ्याचं प्रमाण जास्त असल्याने किती खावा याची सरकारी सूचना आहे. तेव्हा जाण्याआधी त्या तलावाचं पान वाचा.

माझं म्हणणं विचाराल तर लहान तळ्यातला मोठा बास सोडा. तीच मादी पुढच्या वसंतात अंडी घालणार असते. मधल्या आकाराचे एक-दोन न्या. मांस पांढरं, सौम्य. कातडी काढून, हळद-मीठ-आगळ लावून तांदळाच्या पिठात तळलं तर छान लागतं. सोडायचा असेल तर हात ओले करून, खालचा ओठ अंगठ्यात धरून आणि पोटाखाली दुसऱ्या हाताचा आधार देऊन उचला. नुसत्या ओठावर आडवा लोंबकळवला की त्याचा जबडा दुखावतो.

प्रश्न : मुलगी डिसेंबरमध्ये ऑस्टिनहून पुण्याला येतेय. तिच्याकडे बासचा स्पिनिंग सेट आहे, तोच घेऊन ये म्हणतोय. इकडे चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चिलापीला मजेत चालेल, छोट्या फिरत्या पात्याच्या ल्यूरवर. मरळीला अपुरा पडेल. ती गवताखालून ल्यूर घेते आणि पुन्हा गवतात शिरते. तिला मीडियम-हेवी रॉड, किमान ३० पौंडी विणलेली लाइन आणि प्लास्टिकचा बेडूक लागतो. अलिबागकडे जिताड्याचा बेत असेल तर रीळही मोठं हवं, ४००० आकाराचं, आणि पुढे जाड लीडर (गळाआधी जोडलेला लाइनचा तुकडा), कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी लाइन कापते.

रॉड अखंड असेल तर आणू नका म्हणावं. विमानाच्या सामानात दोन तुकड्यांचा रॉड प्लास्टिकच्या कडक नळीत घालून येतो, अखंडाचं टोक हमखास मोडतं. रीळ रॉडवरून काढून कपड्यांत गुंडाळायचं. धरणांच्या पाण्यात मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असतो, तेव्हा आधी त्यांना भेटून विचारा. नीट विचारलं तर बहुतेक ठिकाणी जागाही तेच दाखवतात. आणि खाडीत वापरलंच, तर त्याच संध्याकाळी ड्रॅगचं बटण आवळून रिळावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, जोराची नको, नाहीतर मीठ गिअरमध्ये जातं. मग पुसून, बटण सैल करून, सावलीत वाळवायचं.